कहाणी परत मागता आली पाहिजे

परक्या देशात येऊन राहिलेल्या माणसाला आपली कहाणी सांगायला शिकवावं लागत नाही. परिस्थितीने ते त्याला आधीच शिकवलेलं असतं. व्हिसाच्या खिडकीवर, विमानतळावरच्या टेबलापुढे, आश्रय मागितला असेल तर अर्जात आणि मग पुन्हा मुलाखतीत, वकिलाकडे, डॉक्टरकडे, घर भाड्याने देणाऱ्यापुढे तो ती सांगत आलेला असतो. कुठून आलात, का आलात, कसे आलात, सोबत कोण होतं, मागे कोण राहिलं? ही उत्तरं त्याने हौसेने दिलेली नसतात. दिली नसती तर दार उघडलं नसतं, म्हणून दिलेली असतात. मग एके दिवशी संग्राहक येतो. तो विद्यापीठातला संशोधक असेल, वस्तुसंग्रहालयातला कर्मचारी असेल, पत्रकार असेल किंवा एखाद्या संस्थेचा उत्साही कार्यकर्ता असेल. समोर रेकॉर्डर ठेवून तो जवळपास तेच प्रश्न विचारतो.

या संग्राहकाचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. स्थलांतरितांविषयी बोलणारे पुष्कळ आणि त्यांचं ऐकून घेणारे थोडे, अशा काळात कुणीतरी ऐकायला बसतो हे मोलाचंच आहे. पण अधिकारी आणि संग्राहक यांच्यातला फरक हेतूवर सोडून देणं मला पटत नाही. हेतू विचारणाऱ्याच्या मनात राहतो, सांगणाऱ्याच्या वाट्याला येते ती वागणूक. अधिकाऱ्यापुढे माणसाला तीन गोष्टी करता येत नाहीत. गप्प राहता येत नाही, बोललेलं मागे घेता येत नाही आणि ‘याचं तुम्ही पुढे काय करणार?’ असं विचारता येत नाही. संग्राहकापुढेही या तीन गोष्टी करता येत नसतील, तर तो गोड बोलणारा अधिकारीच झाला. संमतीपत्रावरच्या सहीने यात काही फरक पडत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल आयलंडचा इतिहास या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास १८८२च्या कायद्याने बंदी घातली. व्यापारी, विद्यार्थी, अमेरिकी नागरिकांची मुलं अशा मोजक्यांनाच वाट मोकळी राहिली. १९०६च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळून गेल्या, तेव्हा अनेक चिनी रहिवाशांनी आपला जन्म इथलाच असल्याचं सांगून नागरिकत्व मिळवलं. मग त्यांच्या नावावर गावाकडची दुसऱ्यांची मुलं ‘कागदावरचे मुलगे’ म्हणून येऊ लागली. अधिकाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून १९१० ते १९४० या काळात त्या बेटावरच्या स्थलांतर ठाण्यात उतरलेल्या पोरांना ते विचारत की, तुमच्या घराला पायऱ्या किती, तांदळाचं पिंप कुठे असतं, तुमच्या ओळीत तिसऱ्या घरात कोण राहतं? हेच प्रश्न कागदावरच्या बापाला वेगळे बसवून विचारले जात आणि उत्तरं जुळली नाहीत तर परतीचं जहाज ठरलेलं. पोरं दुसऱ्याच्या घराची माहिती जहाजावर घोकून पाठ करत आणि किनारा यायच्या आत कागद समुद्रात टाकून देत. त्यानंतर बराकीत आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने थांबायचं आणि बोलावणं आलं की कुणा भलत्याचं बालपण आपलं म्हणून सांगायचं.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. बंदीचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला आणि १९५६ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने कबुलीची योजना काढली. खरं नाव आणि खरं कुळ सांगा, कागदपत्रं नियमित करून घेण्याची संधी मिळेल, असं आश्वासन होतं. ही योजना १९६५ पर्यंत चालली आणि १३,०००हून अधिक लोकांनी कबुली दिली. पण कबुली एकट्यापुरती देताच येत नव्हती. एकाने खरं सांगितलं की त्याचा कागदावरचा बाप, कागदावरचे भाऊ, त्यांची बायकामुलं, सगळे ओळीने उघडे पडत. घराघरांत भांडणं लागली. डाव्या संघटनांशी संबंध असलेल्यांना अडकवायला सरकारने हीच माहिती वापरली. बोलायला बोलावणाऱ्याच्या आवाजात या वेळी दरडावणी नव्हती, सवलत होती. तरीही बोललेलं कुठे जाईल हे बोलणाऱ्याच्या हातात नव्हतंच.

१९७० मध्ये त्या ओसाड बराकींच्या भिंतींवर कोरलेल्या चिनी कविता एका उद्यानरक्षकाच्या नजरेस पडल्या आणि पाडायला काढलेली इमारत पुढे वाचली. चिनी-अमेरिकी संशोधक तिथे राहून गेलेल्या वृद्धांच्या शोधात निघाले. अनेक वृद्ध बोलायला राजी नव्हते. कायदा बदलून तीन दशकं होत आली होती, वयं झाली होती, आता कसली भीती, असा प्रश्न आपल्याला पडतो. तो त्यांना पडला नाही, कारण शेवटच्या वेळी ‘आता सांगायला हरकत नाही’ असं ज्याने सांगितलं होतं तो सरकारी माणूस होता आणि त्याचं ऐकणाऱ्यांचं काय झालं हे त्यांनी पाहिलं होतं. नकार हीसुद्धा साक्ष असते, हे ज्या संग्राहकाला कळत नाही त्याने दुसरा उद्योग बघावा.

ही सगळी जुनी गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येत नाही. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका कायद्यानुसार, आश्रय मागणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा निर्णय घेताना न्यायाधीशाला त्या माणसाची आधीची विधानं ताडून पाहता येतात. ती केव्हाही केलेली असोत, शपथेवर असोत वा नसोत. सापडलेली विसंगती दाव्याच्या गाभ्याला भिडणारी असलीच पाहिजे असंही नाही. याचा अर्थ सरळ आहे. एखाद्या बाईने वाचनालयातल्या कार्यक्रमात आपल्या प्रवासाविषयी बोलताना ‘तीन रात्री चाललो’ म्हटलं आणि अर्जात दोन रात्री लिहिलेल्या असतील, तर त्या एका रात्रीवरून तिच्या सगळ्याच म्हणण्यावर शंका घेतली जाऊ शकते. भीतीच्या काळातल्या आठवणी अशाच असतात. रात्रींचा हिशेब चुकतो, क्रम उलटापालटा होतो, एखादा तपशील दहा वर्षांनी वर येतो. श्रोत्यांना हे स्वाभाविक वाटतं. सरकारी वकिलाला ते सोयीचं वाटतं. आणि २०१९पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या जवळजवळ प्रत्येक अर्जदाराला मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावं द्यावी लागतात, तेव्हा ‘इथलं इथेच राहील’ हे कुणी कुणाला सांगायचं?

गोपनीयतेचं वचन देणाऱ्यांनी बोस्टन कॉलेज या अमेरिकी विद्यापीठाच्या प्रकल्पाची आठवण ठेवावी. ती माणसं स्थलांतरित नव्हती, पण धडा सगळ्यांना लागू आहे. २००१पासून या प्रकल्पाने उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षात दोन्ही बाजूंनी शस्त्रं उचललेल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. सांगणाऱ्याच्या हयातीत त्या उघड होणार नाहीत, असं आश्वासन होतं. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी, दोन देशांमधल्या कराराचा आधार घेऊन, त्या मुलाखती मागवणारे आदेश अमेरिकेत निघाले. कोर्टकज्जे झाले आणि शेवटी अकरा मुलाखतींमधला मजकूर पोलिसांच्या हाती गेला. ‘अमेरिकी कायदा परवानगी देईल तितकीच गोपनीयता’ ही मर्यादा बोलणाऱ्यांच्या करारपत्रात लिहिलेलीच नव्हती. विद्यापीठ खोटं बोललं असं मी म्हणत नाही. त्याने आपल्या ताकदीबाहेरचं वचन दिलं, आणि त्याची किंमत वचन देणाऱ्याने मोजली नाही. कुलूपबंद कपाट कोर्टाच्या आदेशापुढे उघडतंच. म्हणून ज्या गोष्टीने माणूस तुरुंगात किंवा हद्दपारीत जाऊ शकतो, ती ध्वनिमुद्रित न करणं हेच तिचं संरक्षण. संग्राहकाने वेळीच यंत्र बंद करावं. सांगणाऱ्याला बोलायचं असेल तर ऐकावं, पण लिहून ठेवू नये.

आता सहीच्या कागदाकडे वळू. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२१ मध्ये बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांच्या नोंदणीविषयी अहवाल दिला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने गोळा केलेली माहिती बांगलादेश सरकारने म्यानमारकडे पाठवली होती, म्हणजे ज्या राज्यकर्त्यांपासून हे लोक पळून आले त्यांच्याकडेच. किमान ८,३०,००० नावं होती. ह्यूमन राइट्स वॉचने बोलतं केलेल्या २४ निर्वासितांपैकी फक्त तिघांना, मिळालेल्या इंग्रजी पावतीवर काय छापलं आहे हे वाचता येत होतं. म्यानमारला माहिती देण्यास आपली हरकत नाही, अशी खूण त्याच पावतीवर होती. निर्वासित संस्थेने आरोप नाकारले. लोकांना नीट समजावून संमती घेतली होती, असं तिचं म्हणणं आहे. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं मानलं तरी एक अडचण उरते. ती नोंदणी झाल्याशिवाय शिधा आणि मदत मिळत नव्हती. ज्या टेबलावर रेशनकार्ड मिळतं त्याच टेबलावर ‘तुमची हरकत आहे का?’ असं विचारलं, तर ‘आहे’ म्हणायला कुणाची छाती होईल?

हा प्रकार लहान प्रमाणावर सगळीकडे चालतो. एखादी संस्था स्थलांतरितांना वकील मिळवून देते, भाषा शिकवते, थंडीचे कपडे देते. वर्षाअखेरीस तिला देणगीदारांसाठी चार हृद्य कहाण्या हव्या असतात. मग वर्गातल्याच बाईला विचारलं जातं. ती ‘हो’ म्हणते, कारण उपकार झालेले असतात आणि उद्या पुन्हा काम पडणार असतं. नकार दिलात तरी मदत चालूच राहील, असं तिला सांगितलेलंही असतं. तिचा त्यावर विश्वास बसतो का, हे कुणी पाहत नाही. माझ्या मते मदत देणाऱ्या हाताने कहाणी मागू नये. संस्थेला कहाण्या हव्याच असतील तर मदत पूर्ण संपल्यावर, ज्याच्याकडे देण्या-नाकारण्यासारखं काही नाही अशा वेगळ्या माणसाकरवी विचारावं. त्याने काही चांगल्या कहाण्या हातच्या जातील. जाऊ द्याव्यात.

आणि विचारणारा कोण आहे, यावरून काय सांगितलं जाईल हेही ठरतं. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकेत एका सरकारी प्रकल्पाने, गुलामगिरीत जन्मलेल्या आणि तोवर हयात असलेल्या वृद्धांच्या २,३००हून अधिक हकिकती लिहून घेतल्या. चार्ल्सटन शहरातल्या एका वृद्धेची मुलाखत दोनदा झाली. गोऱ्या बाईंपुढे तिने मालकाच्या चांगुलपणाविषयी सांगितलं, कृष्णवर्णीय मुलाखतकारापुढे फटक्यांविषयी. दोन्ही कागद जपून ठेवलेले आहेत, म्हणून आपल्याला हे कळलं. एकच राहिला असता तर आपण तोच इतिहास म्हणून वाचला असता. दुभाष्याबाबतही हेच. आपल्याच गावचा दुभाषा असेल तर भाषा कळते, पण बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळखीच्यांत पोचण्याची धास्ती असते. परका दुभाषा सुरक्षित, पण अर्धं हरवतो. घरातलं शाळकरी पोर दुभाषा म्हणून बसवणं हा मात्र मला अक्षम्य प्रकार वाटतो. आईने जे त्या पोरापासून वर्षानुवर्षं लपवलं, तेच त्याच्या तोंडून वदवायचं?

आतापर्यंत मी कहाणी एका माणसाची असल्यासारखं बोललो. ती तशी नसते. एकाच्या स्थलांतरात मागे राहिलेली बहीण असते, जिने दागिने विकले. नवऱ्याचं आजारपण असतं. सीमेवर पैसे घेऊन सोडणारा कुणी असतो, रात्रीपुरतं घर देणारं कुणी असतं. सही करणारा एक, उघडे पडणारे आठ-दहा. यातल्या प्रत्येकाची संमती घ्या असं म्हणणं अव्यवहार्य आहे हे मला कळतं. पण निदान दोन गोष्टी आपोआप गाळल्या जाव्यात. मागे राहिलेल्यांची ओळख आणि येण्याची वाट. आपण ज्या वाटेने आलो तीच वाट धरून अजून कुणी येत असतो. तिचं वर्णन वाचकाला थरारक वाटतं आणि गस्त घालणाऱ्याला उपयोगी पडतं.

नाव बदललं म्हणजे झालं, हा समज तर फारच पसरलेला आहे. पाचशे माणसांच्या वस्तीत ‘बेकरीत काम करणारी, जुळ्या मुलांची आई’ एवढं लिहिल्यावर नाव ‘मरियम’ ठेवलं काय नि ‘सारा’ ठेवलं काय! अनोळखी वाचकापासून टोपणनाव वाचवतं. ज्यांच्यापासून खरोखर धोका असतो, ते ओळखीचेच असतात. मजकूर छापण्याआधी तो सांगणाऱ्याला वाचून दाखवावा आणि एकच प्रश्न विचारावा, ‘यावरून तुम्हाला कोण ओळखेल?’ वकील, संपादक आणि नीतिसमिती मिळून जे शोधू शकणार नाहीत, ते ती बाई अर्ध्या मिनिटात सांगेल.

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. इतकी खबरदारी घेत बसलं तर अन्याय उघड कसा होणार? गप्प राहिलेल्यांच्या बाजूने कायदा कधी बदलला आहे का?

हा आक्षेप खरा आहे. तोताराम सनाढ्य १८९३ मध्ये गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजीला गेले आणि १९१४ मध्ये परतले. त्यांनी सांगितलेल्या अनुभवांना बनारसीदास चतुर्वेदी यांनी लेखी रूप दिलं आणि ते सनाढ्यांच्या नावाने हिंदीत छापून आले. ऊसमळ्यांवरचं जिणं त्यामुळे इकडच्या वाचकांना कळलं. त्याआधी कुंती नावाच्या मजूर बाईची हकिकत कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’ या वृत्तपत्रात आली होती. मळ्यावरच्या गोऱ्या पर्यवेक्षकाच्या तावडीतून सुटण्यासाठी तिने नदीत उडी घेतली होती. या आणि अशा कहाण्यांनी लोकमत पेटलं, १९१७ मध्ये मजूरभरती थांबली आणि १ जानेवारी १९२०ला फिजीतले उरलेले करार रद्द झाले. अलीकडचं उदाहरण ब्रिटनमधल्या विंडरश प्रकरणाचं आहे. कॅरिबियन बेटांवरून लहानपणी कायदेशीररीत्या आलेल्या लोकांना साठीच्या घरात ‘तुम्ही बेकायदा आहात’ असं सांगितलं जाऊ लागलं. त्यांच्या आगमनाच्या नोंदी असलेली कार्डं गृहखात्याने २०१०मध्येच नष्ट केली होती. या माणसांनी नावानिशी, छायाचित्रासह वर्तमानपत्रांत सांगितलं म्हणून प्रकरण उघड झालं, २०१८ मध्ये गृहमंत्र्यांना पद सोडावं लागलं आणि नुकसानभरपाईची योजना आली. जिथे सरकारी कागद नाहीसे होतात, तिथे माणसाची आठवण हाच पुरावा उरतो.

तेव्हा कहाण्या सांगूच नयेत असं माझं म्हणणं नाही. उलट या उदाहरणांकडे नीट पाहिलं तर माझ्याच म्हणण्याला बळ मिळतं. सनाढ्य बोलले ते गिरमिट संपवून, फिजीतून परत आल्यावर. मळेवाल्यांचा हात त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता. सांगणं हा त्यांच्या लढ्याचा भाग होता आणि लिहिणारा त्या लढ्यात त्यांच्यासोबत होता. विंडरश प्रकरणातल्या माणसांचं नुकसान आधीच होऊन गेलं होतं, बोलण्याने काय साधायचं हे त्यांना ठाऊक होतं. कुंतीचं मात्र तसं नव्हतं. ती तिथेच होती, आणि वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी तिचं म्हणणं खोटं ठरवण्याचा खटाटोप केला. चळवळीला तिची कहाणी उपयोगी पडली, हे आपण अभिमानाने सांगतो. तिला स्वतःला त्या कहाणीचा काय उपयोग झाला, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. धोका पत्करायचा हक्क माणसाला आहेच. तो धोका त्याच्या वतीने दुसऱ्याने पत्करायचा नाही, एवढंच.

शिवाय कहाणी कशी असावी हेही ऐकणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. एक तर डोळ्यांत पाणी आणणारी, नाहीतर ‘हातात काही नसताना आलो आणि आज कंपनीचा मालक आहे’ अशी. मधली माणसं, म्हणजे साधी नोकरी करणारी, कंटाळलेली, नव्या देशावर थोडी चिडलेली आणि जुन्यावरही, ती संग्रहात कमीच दिसतात. सांगणाऱ्यालाही कळतं की समोरच्याला काय हवं आहे. आश्रयाच्या मुलाखतीने त्याला हेच शिकवलेलं असतं, की दुःख ठरावीक साच्यात नीट मांडलं तरच दार उघडतं. संग्राहक तोच साचा पुन्हा पुढे करतो, फक्त त्याला तो ‘प्रेरणादायी’ म्हणतो.

१९८४ मध्ये पेशावरजवळच्या छावणीत एका अफगाण मुलीचं छायाचित्र काढलं गेलं आणि पुढच्या वर्षी ते एका जगप्रसिद्ध मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं. निर्वासित म्हटलं की तो हिरव्या डोळ्यांचा चेहरा जगभर आठवू लागला. पण तिचं नाव मासिकाला ठाऊक नव्हतं. ते कळलं २००२ मध्ये आणि आपलं ते छायाचित्र तिने पहिल्यांदा पाहिलं तेही तेव्हाच. २०१६ मध्ये खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात तिला अटक झाली आणि अफगाणिस्तानात परत पाठवलं गेलं. तसली ओळखपत्रं तिथल्या असंख्य अफगाणांकडे होती. तिची अटक जगभरची बातमी झाली. मी इथे तिचं नाव लिहीत नाही. ते कुणालाही शोधता येईल हे मला माहीत आहे, तरीही.

मग संमती घ्यायची कशी? एकदाच, सुरुवातीला, यंत्र चालू करण्याआधी घेतलेली संमती मला अर्धीमुर्धी वाटते, कारण आपण काय बोलणार आहोत हे तेव्हा माणसालाच माहीत नसतं. बोलता बोलता बांध फुटतो. म्हणून खरी संमती बोलणं झाल्यावरची. ध्वनिमुद्रण ऐकवून किंवा मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवून, मध्ये काही दिवस जाऊ देऊन घेतलेली. मुद्रण करणं, कपाटात जपणं, अभ्यासकाला दाखवणं, पुस्तकात छापणं, इंटरनेटवर टाकणं या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीला ‘हो’ म्हणजे पाचांना ‘हो’ नव्हे. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या जुन्या स्थलांतर-तपासणी ठाण्यावरून आलेल्यांच्या मुलाखती १९७०च्या दशकात घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा आपला आवाज कुणी घरबसल्या नाव टाइप करून ऐकेल, ही कल्पना कुणाच्या डोक्यात असणं शक्यच नव्हतं. आता तर त्या आवाजावरून यंत्राला बोलायला शिकवता येतं. ही सहावी गोष्ट, आणि तिला मी वेगळी, स्पष्ट संमती नसेल तर ‘नाही’ असंच धरेन.

माघारीचा हक्क कायद्यांनीही मानला आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या युरोपीय माहिती-संरक्षण नियमांनुसार संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणं सोपं असलं पाहिजे. भारताच्या २०२३च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. अभिलेखागारांना सवलती आहेत, त्या असाव्यातही. पण एक कबुली संग्राहकाने स्वच्छ शब्दांत द्यायला हवी, की इंटरनेटवर गेलेलं परत येत नाही. मूळ प्रत काढून टाकता येते, लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती नाहीत. हे सांगितल्यावर काही लोक नकार देतील. मग मुलाखत कपाटात राहावी, वाचनकक्षात येऊन ऐकता यावी. फिलाडेल्फियातल्या दक्षिण आशियाई-अमेरिकी डिजिटल संग्रहाने २००८पासून वेगळीच वाट धरली आहे. कुटुंबांकडची पत्रं, फोटो, कागद यांच्या डिजिटल प्रती तो ठेवतो आणि मूळ वस्तू कुटुंबाकडे परत जातात. यातला पवित्रा मला महत्त्वाचा वाटतो. संग्रह हा मालक नाही, पाहुण्यासारखा घरात येऊन गेलेला आहे.

इतिहासकार तक्रार करतील की अशाने संग्रहाला भोकं पडतील. पडू द्यावीत, पण नोंद ठेवून. ‘सांगणाऱ्याच्या इच्छेनुसार काढून घेतली’ एवढी ओळ जागेवर असली तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला त्या काळच्या भीतीविषयी काहीतरी कळेल. आज पुष्कळ संग्रहांत अशी ओळ दिसत नाही, कारण माघार मागणाऱ्याला मुळात कुणाला फोन करायचा हेच माहीत नसतं. प्रकल्पाची मुदत संपते, कार्यकर्ते दुसऱ्या नोकरीला लागतात, ईमेलचा पत्ता बंद होतो.

पैशाचा विषय निघाला की लोक अवघडतात. मोबदला दिला तर कहाणी खोटी होईल, असं म्हणतात. संग्रहालयाला अनुदान मिळतं, संशोधकाला पगार आणि पदवी, छायाचित्रकाराला मानधन. ज्याच्यावाचून यातलं काहीच झालं नसतं, त्याला चहा आणि एक प्रमाणपत्र. अर्धा दिवस काम बुडवून आलेल्या माणसाला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, तो काय सांगतो याच्याशी ते जोडू नयेत आणि मध्येच उठून गेला तरी पूर्ण द्यावेत. पत्रकारितेचे संकेत वेगळे आहेत, ते तिथे असोत.

यातलं बरंचसं अडतं ते अनुदान देणाऱ्यांपाशी. त्यांच्या अर्जात ‘एकूण किती कथा संकलित होणार?’ असा रकाना असतो. दुसऱ्या भेटीच्या प्रवासखर्चाला, मजकूर वाचून दाखवायला लागणाऱ्या दुभाष्याला, दहा वर्षांनी येणाऱ्या ‘माझं काढून टाका’ या फोनला उत्तर देणाऱ्या माणसाला त्यात जागा नसते. आकडा वाढवायचा असेल तर घाई होते, आणि घाईत संमतीची जागा सही घेते. मी अनुदान समितीवर असतो तर आणखी एक रकाना मागितला असता, ऐकल्या पण सांगणाऱ्याने नको म्हटलं म्हणून ठेवल्या नाहीत अशा कथा किती? दोनशे मुलाखतींच्या प्रकल्पाने तिथे शून्य लिहिलं, तर पुढचा हप्ता देण्याआधी त्या मुलाखती कशा घेतल्या गेल्या याची चौकशी केली असती.